कॅसेटमधली खरखर

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या पट्ट्यात, साउंडचा धंदा म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत झोप विसरायची. रात्रभर नाटक, पहाटे वायरी गुंडाळा, दुपारी पुढच्या गावात पुन्हा पसरा. नाटक कंपनीवाल्यांना साउंडमधलं एकच कळतं, आवाज शेजारच्या गावापर्यंत गेला पाहिजे. एको, म्हणजे आवाजाची घुमघुम, जरा कमी ठेवला की खलनायकाचं तोंड वाकडं होतं.

त्यात १० डिसेंबरला गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पाचं काम आलं. हा नॉर्गेलिंग कॅम्प १९७२ पासून इथे आहे, इटियाडोह धरणाला जाणारे सगळे तिथून जातात, पण आत किती जण गेलेत? दलाई लामांना १९८९ चं नोबेल मिळालं तो दिवस ते साजरा करतात. हिवाळ्यात अर्धा कॅम्प शहरांमध्ये स्वेटर विकायला गेलेला, त्यामुळे कार्यक्रम म्हाताऱ्यांचा आणि पोरांचाच.

नाच-गाण्याचं काम सोपं. ड्रामन्येन म्हणजे त्यांची लांब मानेची वीणा. तिला एक माइक खालून दिला की भागतं. ल्हामो नावाचं त्यांचं संगीत नाटक तर ढोल आणि झांजेवरच चालतं. त्यातला एक तुकडा सत्तरीच्या एका गृहस्थांनी म्हटला. उघड्या मैदानासाठी घडवलेला गळा तो. मी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) जवळजवळ खाली आणला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. आमच्या नटांना ऐकवायला हवा होता.

अडलं ते पेनड्राइव्हवर. कार्यक्रम ठरवणाऱ्या पोराने (गोंदियात शिकलेला, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ) दुपारी ते दिलं. त्यात एका जुन्या टेपची कॉपी होती. ल्हासाच्या द्राप्ची तुरुंगात १९९३ साली चौदा भिक्षुणींनी चोरून आत आणलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरली. मायदेशाची, दलाई लामांची. आधी आपलं नाव सांगायचं, मग गायचं. टेप बाहेर पोचली आणि त्यांच्या शिक्षा वाढल्या. फुन्त्सोग न्यिद्रोनची नऊ वर्षांची शिक्षा सतरा झाली. पकडली तेव्हा लहान पोर असलेल्या न्गावांग सांग्द्रोलची सहा वर्षांनी वाढली. गाणं म्हटल्याबद्दल!

पोराचं म्हणणं होतं, खाली बीट टाकू. १९९६ ला सॅन फ्रान्सिस्कोत बीस्टी बॉईज या अमेरिकन बँडच्या अ‍ॅडम याउकने तिबेटसाठी मोठी कॉन्सर्ट भरवली, तसं काहीतरी दणदणीत त्याच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, बाबा, तिथे माणसं गायला उभी होती, ढोलासकट. इथे आवाज आधीच जीव मुठीत धरून गातोय, त्यावर तू ढोल वाजवणार? तो गप्प बसला. मग म्हणाला, "निदान खरखर तरी काढा दादा. म्हाताऱ्यांना शब्द कळत नाहीत."

कॉपीची कॉपी होती ती, नुसती सूं चालू. जिथे कुणी बोलत नाही असा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा तुकडा शोधायचा, तो खरखरीचा नमुना म्हणून द्यायचा, मग सॉफ्टवेअर तेवढंच सगळीकडून वजा करतं. जास्त ताणलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हे रोजचं. पण खरखर जिथे राहते तिथेच 'स', 'श', 'च' राहतात. मराठीत 'सासूबाई'तला 'स' पुसला गेला तर माझा हात आपोआप थांबतो. तिबेटीत मला काय कळणार, खरखर कुठली आणि अक्षर कुठलं?

म्हणून एका आजींना हेडफोन लावून शेजारी बसवलं. शब्द तुटला की हात वर करायचा, एवढंच पोराने त्यांना समजावलं. गाण्यांमध्ये त्यांनी क्वचितच हात वर केला. गाणी त्यांना पाठ होती, तुटलेलं त्या मनातच जोडून घेत असाव्यात. नावं आली की मात्र लगेच हात वर. मी मागे जायचो, वजाबाकी बारा डेसिबलवरून सहावर आणायचो, पुन्हा ऐकवायचो. एका नावाशी तर सगळंच काढून टाकलं, मूळ खरखर होती तशी ठेवली, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. जेवणाची वेळ टळली तरी त्या उठल्या नाहीत.

संध्याकाळी टेप वाजली तेव्हा कुंपणापलीकडची आसपासच्या गावांतली पोरं "डान्स लावा, डान्स" ओरडत होती. आपल्या पब्लिकला तीन मिनिटं शांत बसायचं म्हणजे शिक्षा वाटते. आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेप संपल्यावर कॅम्पातल्या मुलींनी तेच गाणं पुढे उचललं. चार माइक, एको शून्य.

नंतर वडशाच्या एका साउंडवाल्या मित्राला फाइल ऐकवली. तो म्हणाला, नावं आली की खरखर वर येते, नाव संपलं की खाली जाते, शिकाऊ पोराने केल्यासारखं वाटतं. धंद्याच्या हिशेबाने त्याचं बरोबर आहे. सगळीकडे सहावर ठेवलं असतं तर काम एकसारखं झालं असतं, पण मग गाणी खरखरीखाली आणखी दबली असती. १० मार्चला, ल्हासाच्या १९५९ च्या उठावाच्या दिवशी, पोराला तीच फाइल पुन्हा हवी आहे. एकसारखी करून द्यावी की तशीच, हे अजून ठरत नाही. त्याला म्हटलंय, आजी रिकाम्या असतील त्या दिवशी सांग.