आमची वाटचाल : कटरच्या धारेपासून हाडाच्या ड्रिलपर्यंत

भोसरीत आमचं वर्कशॉप सुरू झालं ते कटर-ड्रिलना धार लावून देण्यासाठी. ऑर्थोपेडिक ड्रिलचं, म्हणजे ऑपरेशनमध्ये हाडाला भोक पाडणाऱ्या ड्रिलचं काम पुढे जॉबवर्क म्हणून आलं. ड्रॉइंग यायचं, आम्ही फ्लूट (ड्रिलवरच्या पिळाच्या खाचा) काढायचो, माप बसलं की माल रवाना.

मग एका सर्जननी विचारलं, "तुमचं ड्रिल हाड किती तापवतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली सशाच्या हाडावर दाखवून दिलं होतं, की ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर टिकलं तरी हाडाला इजा होते. शरीर मुळात ३७ अंशांवर. म्हणजे हाताशी जेमतेम दहा अंश!

एम.एस.ला (माइल्ड स्टील, साधं पोलाद) भोक पाडताना बरीचशी उष्णता चिपबरोबर जाते, उरलेली जॉबमध्ये पसरते. हाडात ती पसरत नाही. स्टेनलेस स्टीलच्या मानाने हाडाची उष्णतावाहकता साधारण तिसावा हिस्सा, त्यामुळे सगळा ताप भोकाच्या भिंतीलगत साचतो. तो मोजायचा तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) भिंतीपासून थोडं लांबच बसवावं लागतं, आणि तेवढ्या अंतरात तापमान झपाट्याने उतरतं. जिथे मोजायचं तिथेच मोजता येत नाही. कॉम्प्युटर मॉडेलकडे वळलो ते यासाठी.

मेकॅनिकलची एक मुलगी नोकरीला आली, तिने कॅलक्युलिक्स हे असं मॉडेल करण्याचं मोफत सॉफ्टवेअर बसवलं. उष्णतेचा हिशेब मुळात साधा: टॉर्क (ड्रिल फिरवायला लागणारा पिळाचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. ५ न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क आणि मिनिटाला १००० फेरे धरले तर सुमारे ५ वॅट. खरी डोकेदुखी पुढे. त्यातलं हाडात किती जातं, भुग्याबरोबर किती आणि ड्रिलमध्ये किती? हा वाटा पुस्तकातून उचलून चालत नाही, कारण तो धारेबरोबर बदलतो. म्हणून खाटकाकडून म्हशीचं मांडीचं हाड आणायचं, सलाइनमध्ये ओलं ठेवायचं (वाळलेल्या हाडाचे आकडे फसवे येतात), भोक पाडून थर्मोकपलचा आलेख घ्यायचा आणि मॉडेलचा आलेख त्यावर बसेपर्यंत वाटा जुळवायचा. खाटिक अजून आम्हाला डॉक्टर समजतो.

मॉडेलने आमच्या धंद्याचा रोख बदलला. हळूहळू, जपून दाबलं तर हाड कमी तापेल असं वाटतं. पण बेताचा जोर लावून लवकर पार झालं तर घर्षणाचा वेळ घटतो आणि ताप कमी राहतो. मॅथ्यूज आणि हर्श यांनी १९७२ मध्येच हे मोजून ठेवलं आहे. त्याहून मोठा फरक बोथट धारेचा. म्हणून आता ड्रिल विकून थांबत नाही. वापरलेली परत मागवतो, धार तपासतो, गेलेली बाद करतो. टेंडरमध्ये या सेवेला रकाना नसतो, तिथे सर्वात कमी दर जिंकतो. ते काम आम्ही सोडून दिलंय.

सध्या कॅन्युलेटेड ड्रिल हातात आहे. त्याच्या पोकळीत गाइडवायर (ड्रिलला दिशा देणारी तार) असते, त्यामुळे थंड करायला आतून सलाइन सोडायला जागा उरत नाही. फ्लूटमधून पाणी टोकापर्यंत कसं पोचवायचं, यावर मॉडेल चालू आहे.