बाईंचा बायबलचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असं पत्र आलं. क्रीडांगण, स्नेहसंमेलन, नवी प्रयोगशाळा यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंच्या बायबलच्या तासापलीकडे काही सुचत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, बारावा अध्याय चालू होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात दमडीला दोन चिमण्या, लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला: चारच यायला हव्यात, मग पाचवी कुठली? रावेरकडच्या पोरांना लगेच उमगलं. डझनावर एक केळं वर टाकतात, तशी ती वरची. तिची किंमत शून्य. आणि तिथेच येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही.

मागच्या बाकावरून वसतिगृहातला एक मुलगा पुटपुटला, "मी बी वरनाच शे." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, 'असं बोलू नये' असंही म्हणाल्या नाहीत. "हे देवाला सांगितलंस का रे?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, शुद्ध मराठीत प्रार्थना जमत नाही. "मग अहिराणीत सांग. देवले अहिराणी समजत नही का?" लूक तिथेच राहिला. उरलेला तास बायबलातल्या प्रार्थनागीतांपैकी तेराव्या स्तोत्रावर गेला, आणि पुढे कित्येक तास.

स्तोत्र सहाच वचनांचं. पहिल्या दोनांत तक्रार: 'कोठवर?' पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. बाई वहीच्या पानावर याच क्रमाने लिहायला लावत, आणि ती वही कुणी तपासत नसे. आधी भावनेचं नाव: राग, हेवा, लाज, भीती, एकटेपणा. 'टेन्शन' चालत नसे, कारण त्या एका शब्दाखाली हे सगळे लपतात. मग तक्रार, तीही थेट 'तू' म्हणून. देवाविषयी कुरकुर वेगळी आणि देवाशी भांडण वेगळं. मग एकच मागणं, पूर्ण झालं तर कळेल असं. 'धैर्य दे' नव्हे, 'गणिताच्या तासाला उठून शंका विचारायचं धैर्य दे'.

बहुतेकांची गाडी शेवटच्या पायरीवर घसरते. मुलं तक्रार गाळून एकदम भरवशाच्या ओळी लिहितात, कारण मोठ्यांना तेच आवडतं. मग राग आत राहतो आणि प्रार्थना पाठांतर होते. भरवसा वाटत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, असं बाई सांगत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशीच माणूस इतकं उघडं बोलतो, हे त्यांचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं.

रडणाऱ्या पोराला त्या आधी जेवू घालत. बायबलातला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). दोन आठवडे झोप-जेवण उडालेलं असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरकडे न्यायचं, हेही त्यांनीच शिकवलं. रागाबाबत 'सूर्य मावळण्याआधी राग सोडा' हे वचन (इफिसकरांस ४:२६) वसतिगृहात अक्षरशः पाळलं जाई: संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधी ज्याच्याशी भांडण, त्याच्याशी दोन वाक्यं बोलायचीच. गळाभेटीची सक्ती नव्हती.

आज धुळ्यात शनिवारी मी मुलांचा गट चालवतो, तो याच पद्धतीने. आई-वडील ऊसतोडीला गेलेली मुलं त्यात बरीच. यशया ४३:१ मध्ये देव याकोबाला म्हणतो, भिऊ नको, मी तुला नाव घेऊन हाक मारली आहे, तू माझा आहेस. तिथे याकोबाच्या जागी स्वतःचं नाव घालून वाचायला सांगितलं की काही जण अडखळतात. तिथे घाई करायची नसते. पुढच्या शनिवारी वाचतात.

शाळेची नवी इमारत देखणी आहे, अभिनंदन. पण बाईंचा तास वेळापत्रकातून गेला आणि त्याजागी वचन-पाठांतर स्पर्धा आली, हे मला पटलेलं नाही. स्पर्धेच्या यादीत भरवशाचं तेविसावं स्तोत्र आहे, तसंच एकशे एकविसावं आहे. अठ्ठ्याऐंशीवं नाही.