बेळगावहून तारकर्ली: स्कूबा शिकायला जाताना

स्कूबाला जातोय म्हटलं की बेळगावात एकच सल्ला मिळतो: पहाटे निघा, मालवणात डुबकी मारा, सुरमईचं ताट हाणा आणि रात्री घरी या. मासे खायला हा बेत झकास. स्कूबासाठी साफ चुकीचा. का ते शेवटी सांगतो.

आधी एक फरक. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटीवरून जे करवतात त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो, व्हिडिओ काढून वर आणतो. हौस म्हणून ठीक, पण त्यात शिकणं नाही. शिकायचं असेल तर 'ओपन वॉटर डायव्हर' कोर्स करा. त्यात थिअरी, पोहण्याच्या तलावातला सराव आणि समुद्रात चार डाईव्ह असतात. तो झाला की १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीलाही लोक जातात. आम्ही तारकर्ली निवडलं, कारण पाण्याखाली जाण्याआधीच्या सूचना मराठीत ऐकल्या की धीर येतो.

कोर्ससाठी न थांबता २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. वेगाची अट नाही. निघण्याआधी महिनाभर गोवावेसच्या तलावावर जात राहा, तेवढं पुरे. दमा किंवा कानाचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांचं पत्र इथूनच घेऊन जा, तिथे ऐनवेळी धावाधाव नको.

रस्ता नेहमीचाच: शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. ऑक्टोबर ते मे हा हंगाम.

सरावात भल्याभल्यांना घाम फोडतो तो मास्क. मुद्दाम पाणी आत घ्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने फुंकायचं, की पाणी खालून निघून जातं. ऐकायला सोपं आहे. माझा भाचा इतरत्र धीट, पण नाकात पाणी शिरताच ताडकन उभा राहिला. प्रशिक्षकाने शांतपणे पुन्हा खाली बसवलं. कानांचंही तसंच: दडे बसण्याची वाट न पाहता नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत उतरायचं. सर्दी असेल तर जाऊच नका. आणि श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, ती बाहेर पडायलाच हवी. (टाकीत ऑक्सिजन नसतो हो, साधी हवाच दाबून भरलेली असते.)

आता घाटाचं. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. लगेच उंचावर गेलात, तर हवेचा दाब घटून त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. विमानाआधी थांबायचा जो नियम, तोच ६०० मीटरच्या वर जाण्यालाही लावतात: एकच डाईव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर १८. म्हणजे रविवारी दुपारी १२ ला शेवटची डाईव्ह संपली, तर आंबोलीचा घाट सोमवारी सकाळी ६ नंतरच. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.