बगळ्याची खाच

कार्यानुभव हा विषय गुणपत्रिकेत अगदी तळाला असायचा. गुण नाहीत, श्रेणीचं एक अक्षर तेवढं. गणिताचा पोर्शन मागे राहिला की पहिली गदा यायची ती याच तासावर. आमच्या सरांनी मात्र हा तास कुणाला दिला नाही. खडू, मेणबत्त्या, कागदी फुलं हे सगळं त्यांनी आठवीपर्यंत उरकून घेतलं आणि नववीला आम्हाला हलती खेळणी करायला बसवलं. खेळणी म्हणायचो आम्ही. सर 'हलतं शिल्प' म्हणायचे आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

सावंतवाडीच्या पोरांना लाकडी खेळण्यांचं कौतुक ते काय असणार? चितार आळीतले लाकडी आंबे, केळी, फणस आम्ही कळायला लागल्यापासून बघत आलेलो. सरांनी एका दुपारी आम्हाला तिथेच नेलं. कातारी फिरत्या लाकडाला हत्यार कसं लावतो, लाखेचा रंग कसा चढवतो, ते नीट बघायला लावलं. परतताना मोती तलावाच्या कठड्याशी थांबून म्हणाले, "फळं सुरेख आहेत. पण त्यातलं एकही काही करत नाही. तुम्ही काहीतरी करणारं बनवा." मग पुढच्या तासाला ज्याने त्याने काय बनवणार ते सांगायचं होतं. कुणी वाघ म्हणाला, कुणी मोर. सरांचा प्रश्न एकच, "तो काय करतो?" वाघवाल्याला उत्तर सुचलं नाही, त्याला खाली बसवलं.

सामान सगळं फुकटातलं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची तेव्हा आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या घरोघरी मांगरात पडलेल्या असायच्या. त्याखेरीज बांबूच्या काड्या, बॉलपेनच्या नळ्या, झिजलेल्या स्लीपरचे तळ. करवत आणि कानस शाळेची. गिरमिट मात्र एकच, त्यामुळे त्याच्यापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग.

पुढून-मागून उघडी अशी एक चौकट करायची. तिच्यातून आडवी काडी, तिच्या टोकाला हँडल, काडीवर लाकडी चकती. चकतीवर एक उभी काडी नुसती टेकलेली, ती पेनच्या नळीतून वर आलेली आणि तिच्या डोक्यावर आपलं चित्र. चकतीला बरोबर मध्यात भोक पाडलं तर ती आपली फिरते, वरची काडी ढिम्म. भोक मध्यापासून एक सेंटीमीटर बाजूला घेतलं की काडी दोन सेंटीमीटर वर-खाली होते. हे सरांनी सांगितलं नाही, पट्टी लावून आमच्याकडूनच मोजून घेतलं. उभ्या काडीला खाली स्लीपरच्या रबराची आडवी चकती बसवली आणि फिरती चकती तिला कडेला घासली, की काडी गरगर फिरते. अशा चकतीला कॅम म्हणतात, हे नाव त्यांनी फार उशिरा सांगितलं. तोवर आम्ही तिला 'वाकडी चकती' म्हणत होतो आणि आमचं काही अडत नव्हतं.

अडायचं ते पावसाने. जुलैत लाकूड फुगतं. आदल्या दिवशी सुरळीत चाललेलं यंत्र सकाळी गच्च. "सर, ह्या हलना नाय!" हा त्या महिन्यातला आमचा राष्ट्रीय नारा होता. सर मेणबत्ती घासायला सांगत, नाहीतर पेन्सिलीच्या शिशाची पूड. तरी नाही हललं तर म्हणत, "भोक पाडताना पाऊस धरला होतास का?" कोकणात यंत्र करायचं तर फटी थोड्या ढिल्याच ठेवायच्या, हे पुस्तकात कुठे असतं?

आमच्या तुकडीतलं सगळ्यात भारी काम एका मुलीचं. तिने बगळा घेतला. बाकीच्यांचे सुतारपक्षी ठकठक करत होते, होडीवाले वल्हवत होते, जात्यावरची बाई दळत होती. हँडल फिरवताक्षणी सगळं सुरू. हिचा बगळा उभा. हँडल फिरतंय आणि बगळा जागचा हलत नाही. मागून आवाज आला, "बगळो निजलोहा काय गे?" आणि तेवढ्यात त्याने खटकन चोच खाली मारली. नंतर मान हळूहळू वर आणि पुन्हा उभा.

सरांनी ती चौकट उलटी करून सगळ्यांना दाखवली. भोक मध्यातच होतं. चकती जवळजवळ पूर्ण गोल, फक्त एके ठिकाणी खाच. काडी गोल भागावरून सरकते तोवर तिची उंची बदलत नाही, म्हणून बगळा थांबलेला. खाच आली की काडी धपकन खाली पडते आणि चोचीला बांधलेली दोरी ओढली जाते. खाचेची एक कड उभी, दुसरी उतरती. म्हणून पडणं झटक्यात आणि उठणं सावकाश. हँडल उलटं फिरवलं तर काडी उभ्या कडेला अडकणार, म्हणून तिने चौकटीवर लाल बाण काढला होता. भाताच्या खाचरात बगळा दिवसभर काय करतो? उभा राहतो. तिने ते पाहिलं होतं आणि लाकडात कापलं होतं.

सरांचा एक नियम मोडायची सोय नव्हती. मागची बाजू झाकायची नाही. गणपतीतल्या हलत्या देखाव्यांवर त्यांचा राग एवढ्याचसाठी. पडद्यामागे मोटर, पट्टे, चाकं अशी खरी गंमत आणि लोक पुढून बघून निघून जातात! पुढे हैदराबादला सालारजंग संग्रहालयातलं ते प्रसिद्ध घड्याळ बघायला गेलो. तास भरत आला की माणसं दाटीवाटीने जमतात, आतून दाढीवाला बाहुला बाहेर येऊन ठोके देतो, की पांगतात. मी आपला मान वाकडी करून मागे काही दिसतंय का बघत होतो. टिपू सुलतानच्या लाकडी वाघाचं चित्रही सरांनीच वर्गात आणलं होतं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून इंग्रजांनी नेलेला तो वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हँडल फिरवलं की वाघाखाली पडलेल्या लाकडी गोऱ्याचा हात हलतो आणि तो विव्हळतो. आम्ही खूश. सर म्हणाले, "आवाज कुठून येतो ते सांगा." पोटातल्या भात्यातून, हे शोधायला आमचा एक तास गेला.

मी आयटीआय करून एस.टी.च्या आगारात लागलो. आयटीआयच्या वर्गात निदेशकांनी फळ्यावर इंजिनातला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा कॅमचा दांडा काढला, तेव्हा शेजारच्याला प्रश्न पडला, की शाफ्ट सतत फिरतोय तर झडप सतत का हलत नाही? मी त्याला बगळ्याची गोष्ट सांगितली. कॅमचा बराचसा घेर गोल असतो, तोवर झडप बंद. उंचवटा आला की उघडते. बगळ्याला खाच होती, इथे टेंगूळ, एवढाच फरक. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक, हे त्याने घोकलं, मला घोकावं लागलं नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात आमच्या वेळच्या काही चौकटी मांडणार असल्याचं कळलं. समितीला एक विनंती आहे. काचेच्या कपाटात ठेवायच्या तर ठेवा, पण हँडल बाहेर काढा आणि कपाट भिंतीला टेकवू नका, मुलांना मागून बघता आलं पाहिजे. बगळ्याचा बाण पुसट झाला असेल तर पुन्हा रंगवा, नाहीतर पहिलाच पाहुणा उलटं फिरवून काडी मोडेल. कार्यक्रम पावसाळ्यात आहे, तेव्हा मेणबत्त्या मी घेऊन येतो.