भाऊसाहेब फुंडकर आणि 2017 चा कापूस

विदर्भातला राज्याचा कृषिमंत्री म्हटलं की मला अजूनही पांडुरंग फुंडकरच आठवतात, सगळे भाऊसाहेब म्हणायचे. खामगावचा माणूस, म्हणजे पक्का कापसाच्या पट्ट्यातला. 1978 आणि 1980 ला खामगावातून आमदार, मग अकोल्यातून 1989, 1991, 1996 असे तीनदा खासदार, 1998 ला तिथून प्रकाश आंबेडकर आले. भाजपचे प्रदेशाध्यक्षही होते, आणि 2005 ला आपल्या नागपूरच्या गडकरींनंतर विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे बघा, हयातीतला बराच काळ विरोधी बाकावर बसून शेतकऱ्यांसाठी भांडण्यातच गेला आणि कृषी खातं हातात आलं ते आधीचे कृषिमंत्री एकनाथ खडसेंच्या राजीनाम्यानंतर, जुलै 2016 मध्ये, वयाच्या 65 व्या वर्षी.

आणि लगेच पुढच्याच वर्षी 2017 आलं. यवतमाळात फवारणी करता करता कास्तकार अन् मजूर विषबाधेने गेले, आणि त्यातून सावरत नाही तोवर गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली. बीटी बियाणं महाग घेतलं ते अळी येऊ नये म्हणूनच ना? बोंड फोडलं की आत अळी अन् सडलेली सरकी, किती जणांनी उभ्या पिकात नांगर घातला, मला तर आत्ताही लिहिताना राग येतो.

त्या डिसेंबरात इथंच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, भाऊसाहेबांनी मदत जाहीर केली, कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपये. आकडा ऐकून बरं वाटलं होतं, पण त्याची फोड बघा: 6,800 आपत्ती निधीतून, 8,000 पीक विम्यातून आणि 16,000 बियाणे कंपन्यांकडून! निम्म्याहून जास्त पैसा कंपन्यांच्या खिशातून यायचा होता आणि कंपन्या सरळ हो म्हणतील असं कोणी धरलं कसं? त्या द्यायला तयार झाल्या नाहीत. माझ्या मते भाऊसाहेबांची सगळ्यात मोठी चूक हीच, सरकारने आधी स्वतःच्या तिजोरीतून द्यायला पाहिजे होते आणि मग कंपन्यांकडून वसूल करत बसायचं होतं. विरोधात असते तर त्यांनी स्वतःच हे सभागृहात ठणकावून सांगितलं असतं.

31 मे 2018 ला ते हार्ट अटॅकने गेले, मंत्रिपदावर असतानाच. त्यानंतर त्यांच्या नावाने फळबाग लागवड योजना आली, ती मला मनापासून आवडते. रोजगार हमीत जे बसत नाहीत त्यांनाही संत्रा, मोसंबी, लिंबू लावायला अनुदान, तेही तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं, पुढचा हप्ता झाडं जगवली तरच. काटोल-नरखेडकडे संत्र्याची नवी बाग लावायचा विचार करत असाल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) गाठून ही योजना नक्की विचारा, फक्त खर्च आधी आपल्याला करावा लागतो अन् अनुदान नंतर खात्यात येतं, तेव्हा पहिल्या वर्षाचा पैसा हाताशी ठेवूनच खड्डे खोदायला घ्या.