सिस्टमटॅप स्क्रिप्टमधून दुसऱ्या मॉड्यूलचं फंक्शन कॉल करताना

आमच्याकडे लिनक्स कर्नलची, म्हणजे चालू कर्नलमध्ये जोडता येणारी, स्टोरेजची दोन मॉड्यूल आहेत, दोन्ही आउट-ऑफ-ट्री, म्हणजे कर्नलच्या सोर्समध्ये नाहीत, आम्हीच बिल्ड करतो. एक कोअर, सगळ्या रिक्वेस्टचा हिशोब त्याच्याकडे, आणि दुसरं ट्रान्सपोर्ट, जे प्रत्यक्ष डेटा पाठवतं. टेस्टिंगच्या एका मशीनवर रिक्वेस्ट टाइमआउट होत होत्या, म्हणून मी ट्रान्सपोर्टच्या अ‍ॅबॉर्ट फंक्शनवर (जे रिक्वेस्ट रद्द करतं) सिस्टमटॅपचा प्रोब लावला (सिस्टमटॅप म्हणजे चालू कर्नलच्या आत काय चाललंय ते बघायचं टूल, आणि प्रोब म्हणजे ते फंक्शन आलं की आपला कोड चालवणारा सापळा) आणि ठरवलं की तिथूनच कोअरची दोन फंक्शन कॉल करायची. एक टॅगवरून रिक्वेस्ट शोधून देतं, दुसरं स्टेटच्या नंबरवरून नाव देतं. दोन्ही एक्स्पोर्ट केलेली, इतर मॉड्यूलना वापरायला खुली, म्हणजे पाच मिनिटांचं काम असं वाटलं, पण दोन दिवस गेले.

सिस्टमटॅपच्या स्वतःच्या भाषेतून कर्नलचं फंक्शन थेट कॉल करता येत नाही. त्यासाठी टक्का आणि महिरपी कंसाच्या आत सी कोड लिहायचा आणि स्क्रिप्ट गुरु मोडमध्ये, म्हणजे हायफन जी लावून चालवायची. प्रोटोटाइप आपणच वर लिहून द्यायचा. मी ते केलं, आणि चौथ्या पासमध्ये, म्हणजे कंपाइलच्या टप्प्यात, मॉडपोस्टने (मॉड्यूल बिल्ड होताना त्यातले सिंबॉल, म्हणजे फंक्शनची वगैरे नावं, तपासणारा प्रोग्राम) सांगितलं की हे सिंबॉल अनडिफाइन्ड आहेत. पण कोअर तर लोड केलेलं होतं, एलएसमॉडमध्ये, म्हणजे लोड असलेल्या मॉड्यूलच्या यादीत, समोर दिसत होतं!

पवईला ऑफिसच्या खाली टपरीवर चहा घेताना टीममधल्या सीनियर मॅडमना हे सांगितलं, बाहेर धो धो पाऊस. त्या म्हणाल्या, "अरे, तुझी स्क्रिप्ट म्हणजे शेवटी एक मॉड्यूलच ना? मग बिल्ड होताना तिला कोअरची सिमव्हर्स फाइल कोण देतंय?"

इथेच सगळं आहे. सिमव्हर्स म्हणजे एक्स्पोर्ट केलेल्या सिंबॉलची यादी. सिस्टमटॅप तुमची स्क्रिप्ट वाचतो, तिचं सी करतो, चौथ्या पासमध्ये त्या सीचं डॉट केओ, म्हणजे मॉड्यूलची फाइल, बनवतो आणि पाचव्यात स्टॅपरन हा त्याचाच प्रोग्राम ते कर्नलमध्ये लोड करतो. म्हणजे एका मॉड्यूलने दुसऱ्याचं फंक्शन वापरायचे जे नियम आहेत ते सगळे तुमच्या स्क्रिप्टलाही लागू. बिल्डच्या वेळी कोणतं मॉड्यूल लोड आहे ह्याच्याशी मॉडपोस्टला काही देणंघेणं नसतं, तो फक्त सिमव्हर्स फाइल बघतो. कर्नलच्या आतल्या मॉड्यूलचे सिंबॉल कर्नलच्याच फाइलमध्ये असतात म्हणून तिथे अडत नाही, पण आमच्या कोअरची फाइल त्याच्या बिल्ड फोल्डरमध्ये पडलेली. तर हायफन कॅपिटल बी लावून केबिल्ड एक्स्ट्रा सिंबॉल्स ह्या व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचा पूर्ण पाथ द्यायचा. पूर्णच द्या, कारण बिल्ड टेम्पररी फोल्डरमध्ये होतं आणि तिथून रिलेटिव्ह पाथ लागत नाही.

मग लोड झालं. कोअर आधीच लोड असायला हवं, मॉडप्रोबसारखं स्टॅपरन बाकीची मॉड्यूल ओढून आणत नाही. आणि स्क्रिप्ट चालू असेपर्यंत कोअरचा रेफरन्स काउंट (ते किती जण वापरतायत तो आकडा) वाढलेला राहतो, आरएमएमॉड केलं, म्हणजे ते काढायला गेलं, तर कर्नल सरळ नाही म्हणतो, जे मला फार आवडलं, कारण कॉल चालू असताना पायाखालून कोड निघून जाणार नाही ह्याची ती खात्री आहे.

एक्स्पोर्ट न केलेल्या स्टॅटिक फंक्शनसाठी लोक सिंबॉलचा पत्ता शोधून फंक्शन पॉइंटरने उडी मारतात. नावावरून पत्ता देणारं केऑलसिम्स लुकअप नेम हे फंक्शनच 2020 मध्ये 5.7 कर्नलपासून मॉड्यूलना मिळेनासं झालं, तरी त्यातूनही वाटा काढल्या जातात. मी करणार नाही. तिथे रेफरन्स काउंट नाही, आणि कंपायलरने ऑप्टिमाइझ करताना आर्ग्युमेंट बदलली असतील तर तुम्हाला कळणारही नाही.

स्टेटचं नाव देणारं फंक्शन मस्त चाललं, ते एका टेबलमधून स्ट्रिंग उचलून देतं, बस. मग मी रिक्वेस्ट शोधणारं लावलं आणि पहिल्या टाइमआउटलाच टेस्टिंगची ती व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) थिजली, एसएसएच गेलं, कन्सोल गप्प. रिसेट करून कोअरचा कोड नीट वाचला तेव्हा दिसलं की कोअरचा टायमर रिक्वेस्टच्या लिस्टचा स्पिनलॉक (जो मिळेपर्यंत सीपीयू जागेवरच घुटमळत वाट बघतो) घेऊन लिस्ट फिरतो आणि लॉक हातात असतानाच ट्रान्सपोर्टचं अ‍ॅबॉर्ट बोलावतो, जिथे माझा प्रोब बसलेला, आणि माझा प्रोब ज्या फंक्शनला कॉल करत होता ते तोच लॉक मागत होतं. त्याच सीपीयूवर, जो आधीच तो धरून बसलाय. हे कधीच सुटणार नव्हतं. म्युटेक्स, म्हणजे झोपून वाट बघायचा लॉक, असता तरी चाललं नसतं, कारण प्रोब हँडलरमध्ये प्रीएम्प्शन (मध्येच सीपीयू दुसऱ्या कामाला देणं) बंद असतं, तिथे झोपायची परवानगीच नाही.

ह्याबद्दल एरर कुणी देत नाही, ना मॉडपोस्ट ना लोडर. लिंक झालं म्हणजे कॉल करणं सुरक्षित आहे असं अजिबात नाही, समोरचं फंक्शन उघडून त्यात कुठला लॉक आहे आणि आपला प्रोब कुणाच्या पोटात बसलाय हे वाचावंच लागतं.

शेवटी तो कॉल काढून टाकला. अ‍ॅबॉर्टला रिक्वेस्टचा पॉइंटर आर्ग्युमेंट म्हणून येतच होता, तर डीबग इन्फोसकट बिल्ड केलेल्या डॉट केओचा पाथ प्रोबमध्ये देऊन डॉलरवाल्या व्हेरिएबलने फील्ड थेट वाचले, आणि जिथे नुसता व्हॉइड, म्हणजे टाइप नसलेला, पॉइंटर होता तिथे टाइप सांगणारं अ‍ॅट कास्ट. ह्यात लॉक नाही त्यामुळे व्हॅल्यू क्षणभर जुनी असू शकते, पण चुकीचा पत्ता असला तर सिस्टमटॅप रीड फॉल्ट म्हणून स्क्रिप्ट थांबवतो आणि मशीन जिवंत राहतं. गुरु मोडच्या सीमधून केलेल्या कॉलच्या आत हे संरक्षण नसतं.

आउटपुट त्याच संध्याकाळी मिळालं. टाइमआउट झालेल्या सगळ्या रिक्वेस्टचं स्टेट अजून "क्यूड" (रांगेत) होतं, म्हणजे त्या कोअरमधून कधी बाहेर पडल्याच नव्हत्या, आणि आम्ही आठवडाभर ट्रान्सपोर्टमध्ये शोधत होतो. कांजूरमार्गला स्टेशनवर पोचेपर्यंत मॅडमना मेसेज टाकला होता.