क्रॉप्रेडीच्या मैदानात आजीची ओवी

ऑगस्टमध्ये ऑफिसमधली एक मैत्रीण मला क्रॉप्रेडीला घेऊन गेली. ऑक्सफर्डशायरमधलं छोटं गाव, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड दरवर्षी तिथे फेस्टिव्हल भरवतो. मी नुसती सोबत म्हणून गेलेले. रात्री सतराव्या शतकातलं एक गाणं सुरू झालं, उमरावाची बायको, तिचा प्रियकर, शेवटी खून, आणि हे सगळं ड्रम्स नि इलेक्ट्रिक गिटारवर, मधे व्हायोलिन असं सुटलं की अंगावर काटा आला. शेजारी फोल्डिंग खुर्चीत सत्तरीच्या एक बाई होत्या, त्यांना कडवंन् कडवं पाठ.

घरी येऊन फेअरपोर्टचे जुने अल्बम ओळीने ऐकले. 1967 साली लंडनमध्ये सुरुवात केली तेव्हा ही पोरं अमेरिकन गाणी वाजवायची. मे 1969 मध्ये शोवरून परत येताना एम-वन हायवेवर व्हॅनला अपघात झाला, 19 वर्षांचा ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, गिटारिस्टची मैत्रीण गेली. बँड मोडायचाच होता. पण मग आपली आधीची गाणी वाजवायची नाहीत असं ठरवून सगळे हॅम्पशायरमधल्या एका घरात जाऊन राहिले, बेसवाला अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाऊस या लोकसंगीताच्या केंद्रातल्या लायब्ररीतून लोकगीतं हुडकून आणायचा, आणि डिसेंबरमध्ये 'लीज अँड लीफ' हा अल्बम आला. ओढ तशी आधीपासून होती, अपघाताआधी रेकॉर्ड केलेलं खलाशाचं एक गाणं अकरा मिनिटं चालतं, आधी फक्त गळा आणि लाटांसारखं काहीतरी, मग एकेक वाद्य आत ओढलं जातं. पण पुढचा अल्बम ऐकताना कळतं की आता यांना दुसरं काही वाजवायचंच नाहीये.

त्या लायब्ररीचं मला इतकं कौतुक वाटलं की एका शनिवारी मुद्दाम जाऊन आले. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी गावोगाव सायकलवर फिरून शेतमजुरांची गाणी लिहून घेतली, आणि 1969 मधल्या विशीतल्या मुलांना ती आयती सापडली!

आता लगेच "बघा, नाहीतर आपल्याकडे" असं कुणी म्हणू नका, मला राग येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. साठा आपलाही मोठा आहे, फक्त त्यातून चाल उचलून गिटार जोडणारी पोरं जास्त हवीत. मामेभावाला हे सांगितलं तर म्हणाला, ओवीला ड्रम लावून वाट लावाल. अरे, पण त्या सत्तरीच्या बाईंना ते गाणं ड्रमसकटच पाठ आहे ना! आणि वर म्हणतो, तू तिकडे राहून आम्हाला ओवी शिकवतेस. शिकवत नाही, पण गेल्या वर्षभरात मी जेवढ्या ओव्या ऐकल्या तेवढ्या पुण्यात असताना कधीच ऐकल्या नव्हत्या, तिथे त्या आजीकडे होत्याच, कधीही ऐकू असं वाटायचं.

रविवारी आजीला फोन करून म्हणायला लावली. आता कुठलं जातं, म्हणाली, तरी चार म्हणाली. रेकॉर्ड करून ठेवल्यात. तिसरीच्या मधे कुकरची शिट्टी आहे, ती मी तशीच ठेवलीये.